सगळ्यात जोरात मारणारा

गॅरेजच्या मागे घर, मधे एक दार. त्या दारातून ती रोजच्यासारखी चहा घेऊन आली, डिझेलच्या वासाने तिला उमळून आलं आणि ट्रे हातातून निसटला. आई धावत आली. लेकीच्या पोटाकडे बघून तिने कपाळावर हात मारला. "कोणाचं गं हे, भवाने?"

झालं! दादाने शटर खाली ओढलं आणि पंचविशीतल्या बहिणीला केसांना धरून भिंतीवर आपटलं. "नाव सांग!"

नाव तिच्या ओठांवर होतं. दादाचा भागीदार तिथेच पाना पुसत उभा होता. आई बाजारात गेलेली असताना त्यानेच आतून कडी घालून तिच्यावर जबरदस्ती केली होती. पण नाव घेतलं की घरचे त्याच्याशीच लग्न लावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थोरल्या मावशीचं तसंच केलं होतं. नवरा घरात आला की मावशी अजूनही दचकून उभी राहते. म्हणून ही पोटावर हात धरून मार खात राहिली.

"मा... माझं आहे."

बोलला तो गॅरेजातला वेल्डर. त्याला सगळे तोतऱ्याच म्हणत. चहात साखर कमी आहे एवढं सांगेपर्यंत त्याचा अख्खा कप संपायचा. आज मात्र तो वेळेवर बोलला.

दादा साखळी घेऊन तुटून पडला. भागीदार पान्याने तोंडावरच मारत होता. "हरामखोरा, मालकाच्या घरात डोळा?" दात पडले. वेल्डिंगच्या हाताची बोटं काडकन मोडली. तरी तो तिला डोळ्यांनी सांगत होता, पळ. त्याच क्षणी तिचा जीव त्याच्यावर जडला. प्रेमाला जागा बघा कुठे सापडली!

ती मधे पडली. "थांब दादा! त्याचं नाहीये. मला वाचवायला खोटं बोलला तो. सगळ्यात जोरात कोण मारतंय, त्याला विचार."

पाना हवेतच राहिला. भागीदार पांढराफटक पडला. आता दादा त्याचा जीव घेईल, असं वाटलं ना तुम्हाला? छे! दादाने घाम पुसला. "मग आधीच सांगायचंस की. घरातलाच माणूस आहे. उद्याच उरकून टाकू."

आईनेही सुटकेचा सुस्कारा सोडला. ही यांची इज्जत!

"माझ्या मुडद्याशी लावा त्याचं लग्न," ती म्हणाली. वेल्डरला खांदा देत तिने शटर वर ढकललं. "आधी दवाखाना. मग पोलीस."

"ल... लग्न?" त्याने रक्ताळल्या तोंडाने विचारलं.

"ते मी विचारीन. सावकाश. तू आधी नीट श्वास घे."

बाहेर गर्दी होती; ती बघून दादा आणि भागीदार आतच थांबले. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी वाट दिली, पण गाडी कोणी थांबवली नाही. दोघं चालत गेली.

तुम्ही त्या गर्दीत असतात, तर शटर वाजवलं असतंत का?