सागवानी पेटी

आमच्या घरात रंगाचं नाव काढायची सोय नव्हती. सानगडीत कुणी दाराला ऑइलपेंट मारला तरी आमचे हे, म्हणजे मारोतराव, नाक मुरडत. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण ब्रशला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. लाकूड चांगलं असेल तर रंग कशाला, आणि वाईट असेल तर लपवायचं कशाला, हे त्यांचं ठरलेलं. प्लायवूड आलं, गिऱ्हाईक गेलं, पुढे गुडघे गेले. हेका काही गेला नाही.

अशा माणसाच्या बायकोने छप्पन्नाव्या वर्षी साकोलीला फर्निचर रंगवायचा वर्ग लावला. शिकवणारी तृप्ती नागपूरला शिकून आलेली. हायवेजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानावर हॉल होता, तिथे सहा दिवस वर्ग. नवी खुर्ची जुनी कशी दिसेल, साध्या फळीवर संगमरवर कसा उमटवायचा, सगळं आपल्या हाताने करायचं. मला ते फार आवडलं. शिकून चार कामं घ्यावीत असं मनात होतं, आणि त्यासाठी यांची घरामागची सुतारकामाची छपरी हवी होती. तीन वर्षं ती नुसती बंद आहे. विचारलं तर म्हणाले, "माह्या छपरीत रंगाचा डबा येनार नाई." मी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते बरंच वाटलं असावं.

वर्गाच्या तिसऱ्या दिवशी रंगवायला घरची एक वस्तू न्यायची होती. हे सकाळीच एकोडीला बहिणीकडे गेले, तेवढ्यात मी माझी पेटी ऑटोत घातली. लग्नासाठी यांनी स्वतः केलेली, सागवानी. माझ्या वडिलांनी तिच्यावर बोटं वाजवून पाहिली होती आणि गुणी जावई मिळाला म्हणून गावभर सांगितलं होतं. पुढे जावेकडे प्लायवूडचं कपाट आलं, तेव्हा मीही या पेटीचा काही कमी तोरा मिरवला नाही.

जुनं पॉलिश आधी घासून काढा, असं तृप्तीने सांगितलं. मी घासायला बसले. पॉलिश गेलं, आणि मग लाकडाच्या रेघाही जायला लागल्या. लाकडाच्या रेघा कधी जातात का? हातातला कागद तपकिरी झाला आणि खाली फिकट, पिवळट फळी दिसायला लागली. शेजारी गुड्डी बसली होती. तिच्या घरची लाकूड कापायची आरा मशीन आहे, तिला लाकूड ओळखायला वेळ लागत नाही.

"काकू, हा तं आंबा हाये," ती म्हणाली.

तृप्तीने उरलेल्या भागावरून हात फिरवला. फळीवर सागवानी रेघा काढायचं हेच काम ती उद्या शिकवणार होती, पण इतकं सफाईदार आपल्या नागपूरच्या सरांनाही जमत नाही, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. बायका गोळा झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेटी वर्गातच ठेवली आणि परतीच्या बसमध्ये मी भांडणाची पूर्ण तयारी केली. दर दिवाळीआधी हे स्वतः पेटीला आतून करंजाचं तेल लावत, मला हात लावू देत नसत. केवढा जीव आहे पेटीवर, असं मी लोकांना सांगत असे. जीव कसला, आंब्याला भुंगा लागायची भीती. पण आता माझ्या हाती हुकमाचं पान होतं. एक शब्द बोलले असते तर छपरी माझी होती.

हे पेटीच्या रिकाम्या जागेसमोरच उभे होते. पेटी कुठे गेली, असं त्यांनी विचारलं. वर्गात नेली, घासतेय तिला, एवढंच मी सांगितलं. ते खाली बसले. म्हणाले,

"सागवान भेटलं नाई तवा. तुह्या बापाले शब्द देऊन बसलो होतो. पेटी तीन दिवसांत झाली. रंगाले अकरा दिवस लागले."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तुहा बाप किती खुश झाला होता. कसं सांगू?" मग हलकेच म्हणाले, "त्याच दिवशी ब्रश टाकला. एवढं जमते म्हटल्यावर गिऱ्हाइकाले फसवतानी हात थांबला नसता."

राग होताच, खोटं कशाला बोलू. पण जन्मभर मी ज्याला घमेंड समजले, ती या माणसाची धास्ती होती, आणि त्याची मला दया आली. छपरीचा विषय मी काढला नाही. चहा टाकला.

शेवटच्या दिवशी घरच्यांना काम पाहायला बोलावलं होतं. माझ्या पेटीला मी रंग दिलाच नव्हता. घासलेला भाग तसाच ठेवून वरून नुसतं वॉर्निश मारलं होतं. हे आले आणि दाराशीच उभे राहिले. माझी जाऊही आली होती. खालच्या दुकानाच्या मालकाने पेटीच्या न घासलेल्या बाजूवर बोटं वाजवली आणि असं सागवान आता मिळत नाही म्हणाला. यांनी मान खाली घातली. मी गप्प राहिले असते तर सानगडीत कुणाला कळलं नसतं. पण मग यांची मान तशीच राहिली असती.

"आंबा हाये," मी म्हणाले. "वरचं सागवान यायनं रंगवलं. हातानं."

जाऊ माझ्याकडे पाहतच राहिली. तृप्तीने यांना पुढे बोलावलं आणि सागवानी रेघांमधली ही लाकडाची गाठ ब्रशने कशी काढली, असं विचारलं. हे गुडघा धरून खाली बसले, बराच वेळ गाठ पाहिली आणि ती जरा मोठी झाली म्हणाले. मग अर्धा तास ते बोलत होते आणि तृप्ती वहीत लिहून घेत होती.

बस सानगडीच्या फाट्यावर आली. उतरताना हे म्हणाले, "छपरीत टेबल खिडकीकडं लाव, उजेड तिकडून येते. अन् गाठ काढाची असली तं मले बलावजो."