रंगाऱ्याच्या खिडकीतले रोप

मित्रांनो, मी एका रंगाऱ्याच्या खिडकीतले जुने रोप आहे. माझी पाने जाड, रसाळ, फुलासारखी गोल रचलेली. पोटाशी फिकट हिरवी आणि कडांना गुलाबी. माझ्यासारख्यांना सक्युलंट म्हणतात. आम्ही पाणी पानांतच साठवतो, म्हणून पंधरा-पंधरा दिवस काही मागत नाही.

रोपवाटिकेत आम्ही शेकडो होतो, अगदी खेटून. तिथून मला रंगाऱ्याच्या लेकीने उचलले. नोकरीसाठी दूर जाताना तिने मला उन्हाच्या खिडकीत ठेवले आणि बजावले, "बाबा, पंधरा दिवसांनी एकदा पाणी. बाकी लाड नकोत."

मीही त्यांना बाबाच म्हणते.

लेक गेली आणि घर गप्प झाले. तिची आई केव्हाच वारली होती, आणि गुडघे धरल्यापासून बाबांची शिडीही सुटली होती. चौथ्या दिवशी त्यांनी मला खुर्चीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणले. "इथे बस. तेवढीच सोबत." चहा घेताना ते मलाही पेलाभर पाणी घालत. लेकीची आठवण आली की आणखी पेलाभर. आणि आठवण तर ऊठसूट यायची.

ते प्रेम मला कळत होते, पण सोसत नव्हते. कडांचा रंग उतरला. पाने पाणचट होऊन हात लागताच गळू लागली.

दर रविवारी फोन यायचा.

"रोप कसं आहे?"

"मजेत."

"आणि तुम्ही?"

"मजेत."

दोन मिनिटांत बोलणे संपायचे. मग बाबा माझी गळलेली पाने वेचून खिशात टाकायचे, जणू कोणी पाहील. एकदा केलेली भाजी दोन दिवस खायचे.

एके दुपारी मी कलंडले. बाबांनी कुंडी नाकाशी नेली. जन्मभर लोकांच्या भिंती तपासलेला माणूस तो. वास लगेच ओळखला.

"ओल धरलीय," ते हळूच म्हणाले. "आणि माझ्याच हातून."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून फोन लावला. "तुझं रोप सडवलं गं मी. इतके दिवस खोटं सांगत होतो."

पलीकडून लेक म्हणाली, "आणि तुमचं, बाबा? तेही खोटंच ना?"

बाबांनी भिंतीकडे पाहिले. "घर खायला उठतं," ते म्हणाले.

फोन खूप वेळ चालला. शेवटी लेकीने उपाय सांगितला. बाबांनी धारदार पात्याने काळा पडलेला देठ कापला. माझा नुसता शेंडा उरला. चार दिवस मी कोरड्या कागदावर पडून होते. ना मुळे, ना माती. इतके एकटे मला कधीच वाटले नव्हते. बाबा येऊन बघायचे, पेला उचलायचे आणि पुन्हा खाली ठेवायचे.

मग वाळू मिसळलेल्या मातीत, उन्हाच्या खिडकीत मला बसवले. तीन आठवड्यांनी मुळे फुटली. हळूहळू कडा गुलाबी झाल्या, पण पूर्वीइतकी पाने काही आली नाहीत.

लेक आली, दोन दिवस राहिली आणि परत गेली. नोकरी सोडणे जमण्यासारखे नव्हते. घर अजून रिकामेच असते. संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून खिडकीपाशी येतात.

मित्रांनो, कुंडीत पाणी ओतण्याआधी मातीत बोट घालून पाहा. कोरडी असेल तरच पाणी द्या. ओली असेल तर थोडा वेळ नुसते जवळ बसा. आम्हाला तेही पुरते.