उद्या बास पाहिजे

"भिया, आडवा नको करू ना! मान तुटेल त्याची!"

आमचे हे लोडिंग रिक्षावाल्यावर ओरडत होते. मल्हारगंजची अर्धी गल्ली बघायला जमली होती. सगळ्यांना मीच सांगून ठेवलं होतं, हे मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवणार म्हणून. माझं तोंड कधी बंद असतं?

हे म्हणजे श्रीपाद, निवृत्त सरकारी कारकून. सदतीस वर्षं दिवसा फायली आणि लग्नसराईत फिल्मी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बास. माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं व्हायोलिनच म्हणा ना. संस्थानचा बँड मोडला तेव्हा त्यात वाजवणाऱ्या यांच्या आजोबांनी हा बास घरी आणला, आणि यांना वाजवायला शिकवलंही त्यांनीच. बासला सहसा चार तारा असतात, आमच्याला पाच. पाचवी सगळ्यात जाड, सगळ्यात खालच्या सुरांची. मांडवातल्या स्पीकरवर ती नुसती घुमायची, म्हणून यांनी काढूनच टाकली होती. लोक तळलेले गराडू खाण्यात गुंग, बास ऐकतंय कोण!

महिन्यापूर्वी पियुष नावाच्या आयोजकाचा फोन आला. मुंबईहून सिम्फनी ऑर्केस्ट्रा येणार होता, सत्तर वादकांचा. "सर, पाच तारांचा बास पाहिजे. इंदुरात तुमच्याकडेच आहे म्हणे. सूर कुठवर खाली जातात ते कळायला नोटेशनची कॉपी पाठवू का?"

आमच्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात 'उद्या बास पाहिजे' म्हटलं की बासवाला आलाच. वाद्याला एकट्याला कुणी बोलावत नाही. यांनी तसंच धरलं आणि मीही. पाचवी तार मागवली. त्याने पाठवलेल्या रचनेत एक जागा अशी होती, की चार तारांचे बास जिथे संपतात त्याच्याही खाली उतरायचं. महिनाभर यांनी तेवढंच घोटलं. बोटं सोलवटली, खिडकीची तावदानं थरथरायची. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

हॉलवर पियुष धावतच आला. "थँक्यू सर! शिवांगी, तुझा बास आला!"

मुंबईच्या वादकांतली एक तिशीतली मुलगी पुढे झाली. विमानातून बास आणणं जिकिरीचं, म्हणून तिने तो इथेच शोधायला सांगितलं होतं. हे वादकांसारखा काळा कोट घालून उभे. पियुषने कोटाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"सर, तुमच्यासाठी पुढच्या रांगेत दोन पास ठेवलेत ना," तो घाईघाईनं म्हणाला.

मी तोंड उघडणार, तर यांनी माझा हात दाबला. शिवांगीला म्हणाले, "पाचव्या तारेला जरा जपा जी. नवी आहे, सूर उतरतो."

संध्याकाळी तीन बास ओळीनं उभे होते, आमचा शेवटी. ती जागा आली. खालचा सूर खुर्चीच्या पायांतून वर चढला. यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती, एकही जागा न चुकता. मुलगी छान वाजवत होती, आणि मला राग आला तो त्याचाच. वाईट वाजवलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

कार्यक्रम संपल्यावर तिने स्वतः बास आणून दिला. "काका, काय आवाज आहे याचा! तुम्ही पण वाजवता?"

"नाही जी. घरात जागा होती, म्हणून ठेवलाय."

ती गेल्यावर मी भडकलेच. "झूठ कशाला बोललात?"

"हो म्हटलं असतं, तर म्हणाली असती, काका, काहीतरी वाजवा ना." ते बासला खोळ चढवत होते. "मग सगळ्यांनी म्हाताऱ्याचं कौतुक म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या. तशा टाळ्या नको होत्या मला, उषा."

मी खोळीचं दुसरं टोक धरलं. रिक्षा येईपर्यंत आम्ही फाटकाशी उभे राहिलो, हे काळ्या कोटात, बासला कवेत धरून. गर्दीतून एक गृहस्थ बायको-मुलांसह थांबले.

"क्या बजाया अंकलजी! मजा आ गया!"

यांनी हात जोडले. नाही म्हणाले नाहीत. मीही गप्प राहिले.