मिरचीचा बाप

सेल्फ आहे म्हणे माह्यी मिरची! बियाणं कंपनीच्या लॅबवाल्या शेखर साहेबानं तोंडावर सांगलं, अन् तेही खुर्चीतून न उठता.

आमच्या धाड गावाकडं शेडनेटमधी बियाण्याची मिरची लावतात. मायच्या झाडाची कळी उमलायच्या आत चिमट्यानं खोलायची, तिच्यातला नर काढायचा, दुसऱ्या रोजी बापाच्या झाडाचा पराग लावून देठाले दोरा बांधायचा. हेच करून माह्ये डोळे गेले. अन् सेल्फ म्हणजे नर काढलाच नाई, मायचाच पराग मायले लागला. म्हणजे मी, या मनकर्णाबाईनं, कामचोरी केली! असा शिक्का बसला की कंपनी पुन्हा प्लॉट देत नाई, अन् गावातल्या बाया दात काढतात ते वेगळंच.

"मशीन खोटं बोलत नाही, बाई," साहेब म्हन्ला. "आईच्या डीएनएवर हिरवा रंग चमकतो, बापाच्या डीएनएवर लाल. संकर असेल तर दोन्ही दिसतात. तुमच्या बियात नुसता हिरवा."

माह्यी सून समता त्याच लॅबमधी कामाले. मशीनपाशी खाली मान घालून उभी होती.

घरी आल्यावर मी तिले सोडलं नाई. "तुह्या देखत सासूले चोर म्हन्ला तो, अन् तू मूग गिळून बसली व्हय वं?"

तीही काही कमी नाई. भाकर तव्यावर आपटली. "नोकरी जाईन माह्यी, आत्याबाई! तुम्हाले बोलाले काय जाते?" अन् मंग रागारागातच सारं ओकली. "तो रंग डीएनएच्या बारीक धाग्याच्या टोकाले चिकटवेल असते. उजेड लागला की रंग मरते. धागा तसाच राह्यते, आपल्या जागी जाऊन बसतेही, पण चमकत नाई. हिरवा जरा दम धरते, लाल पहिले जाते. म्हणून त्या नळ्या फॉईलमधी गुंडाळून अंधारात ठेवा लागतात."

"मंग?"

"मंग काय! खंडेनवमीले साहेबानं पूजेत मांडल्या. फोटोत रंग दिसले पाहिजे म्हणून फॉईल काढलं. कुंकू लावलं, झेंडू वाह्यला, वरून लायटिंग सोडली. दसऱ्याची सुट्टी सरेपर्यंत नळ्या तिथंच."

खंडेनवमीले आम्हीही चिमटे पुजतो. पण चिमट्याचा काय रंग उडते? लोखंड काय अन् हे काय, मेल्याले एवढी अक्कल नको?

"दर खेपेले बापाचं पान सोबत लावतो," समता म्हन्ली. "बाप लाल दिसला तरच निकाल खरा. यावेळी साहेब म्हन्ले, दिवाळी तोंडावर आली, राहू दे."

सकाळच्या पहिल्याच जीपनं मी बापाच्या झाडाची फांदी घेऊन लॅबवर गेली. समता संगं होती.

"असं नियमात नाही," साहेब म्हन्ला.

"नियम चुलीत घाला! हे पान लावा, नाई तर मी दारातून हालत नाई." दारात ठाणच मांडलं. निकाल न्यायले आलेले प्लॉटवाले गोळा झाले, तवा कुठं त्यानं पान लावलं.

पडद्यावर लाल काहीच आलं नाई.

"बापाच्या पानातच बाप नाई!" मी वरडली. "तर माह्या बियात कुठून दिसन?"

साहेबाचं तोंड उतरलं. पण चोर तो चोर, वर शिरजोर. समताकडं बोट करून म्हन्ला, "नळ्यांची जबाबदारी हिची. पूजा हिनंच मांडली."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी मी तिले हजार बोलीन, तो माह्या घरचा मामला. हा कोण लागून गेला?

"साहेब, माह्या मिरचीले बाप आहे. या चुकीले बाप कोण, ते सांगा."

मंग समतानं मान वर केली.

"तुम्ही, साहेब. फॉईल तुम्ही काढलं. मी नको म्हन्लं होतं."

पुढं नवा रंग आला अन् माह्यं बी पास झालं, ते नंतरचं. त्या दिवशी मात्र समताले घरी बसवलं, अन् साहेब खुर्चीतच राह्यला. वाटोळं हो त्याचं.

परतीच्या जीपमधी पोरगी पदराआड रडू लागली.

"बस कर वं," मी खेकसली. "दुसऱ्या नेटमधी कळ्या लागल्या. उद्या चिमटा घे अन् माह्या शेजारच्या सरीत बस."

"मले नाई येत ते, आत्याबाई."

"येईन. मले तरी काल सकाळी त्या रंगाचं कुठं माहीत होतं?"