डबल बेल

"अहो, डावीकडे! डावीकडे म्हणतेय मी!"

"डावीकडेच नेतोय!"

होडी उजवीकडे गेली आणि धक्क्याच्या खांबाला खरवडत थांबली. बाबांचा पाय तळातल्या फळीवर गच्च दाबलेला होता. तिथे ब्रेक नव्हता.

बाबांनी आयुष्यभर शहरातली बस चालवली. आई त्याच बसवर कंडक्टर होती, लग्न नंतरचं. निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळतात, यांनी शिडाची जुनी निळी होडी घेतली. पोहता दोघांनाही येत नव्हतं. होडी विकणाऱ्या मासेमाराने एका सकाळी जे शिकवलं तेवढ्याच भांडवलावर ते निघाले होते. सुकाणूचा दांडा एकीकडे ढकलला की होडी दुसरीकडे वळते, हे त्याने घोकवून घेतलं होतं. बाबांच्या डोक्याला ते पटलं होतं, हातांना नाही.

मी पुन्हा दोर खांबाला अडकवला. शीड फुगलं. "सोडू?" मी विचारलं.

"थांब. कंडक्टरने बेल दिली नाही."

"इथे कुठून आणू बेल?" आई म्हणाली.

"मग गाडी हलणार नाही."

आईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं, आणि बोटाच्या पेराने होडीच्या काठावर दोनदा वाजवलं. टक टक. "सुटा आता एकदाचे."

मी दोर सोडून आत उडी मारली. आईने हात पुढे केला. "तिकीट?"

"पास आहे."

"घरचे सगळे फुकटेच," ती म्हणाली.

शिडाचा दोर आईच्या हातात होता. तो ढिला सोडला की होडी मंदावते, हे बाबांच्या उशिरा लक्षात आलं. "म्हणजे ब्रेक तुझ्याकडे?"

"आजवर कुणाकडे होता?"

खाडीच्या मध्यावर वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबू लागलं.

"बंद पडली गाडी," बाबा म्हणाले.

"उतरा मग. ढकला."

बाबा इतके हसले की त्यांना काठ धरावा लागला. मग आम्ही पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. होडी जागच्या जागी हलत राहिली. बाबा बराच वेळ आईकडे बघत होते.

"काय झालं?"

"एवढी वर्षं ड्यूटीवर तुला आरशातच बघितलं. आज समोर बसलीस."

"मग? कशी दिसतेय?"

"आरशात बरी दिसायचीस."

आईने अंड्याचं टरफल त्यांना फेकून मारलं. ऊन कलल्यावर वारा आला आणि आम्ही परतलो. बाबांनी दांडा पुन्हा चुकीचा ढकलला, पण या वेळी आईने वेळेवर ब्रेक लावला.

तो होडीचा पहिला दिवस. दुसरा आला नाही. पुढच्याच आठवड्यात बाबा दुपारच्या झोपेत गेले. आई शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती; दारातून पाहिलं तर त्यांची छाती हलत नव्हती. इस्त्री उभी करून ठेवली, प्लग काढला आणि मगच तिने मला हाक मारली.

लोक भेटायला आले. ती प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची, "बेल न घेताच निघाले." लोकांना वाटायचं, दारावरची बेल. ते दाराकडे बघायचे. मी कुणाला समजावलं नाही. चहा करत राहिले, कप विसळत राहिले. रडू येईल असं वाटायचं, पण यायचं नाही.

होडी मासेमारानेच परत घेतली. तो आला त्या सकाळी आई घरातल्या चपलांवरच धक्क्यावर आली. त्याने शीड चढवलं, दांडा धरला आणि मला म्हणाला, "सोडा दोर, ताई."

"थांबा," आई म्हणाली.

तो थांबला. "काही राहिलंय का, बाई?"

माझ्या खांद्याचा आधार घेत आई खाली बसली. तिचे गुडघे वाकायला वेळ लागला. तिने होडीच्या काठावर हात ठेवला. मग तिने पेराने दोनदा वाजवलं.

"जा आता."

मी दोर सोडला. मासेमाराने दांडा बरोबर बाजूला ढकलला. होडी खांबाला न लागता वळली आणि वाऱ्यावर निघाली. खांबावर पहिल्या दिवशीचा निळा रंग तसाच होता.