जागा तपासा

हार झेंडूचा होता, ओला होता, आणि भानुमतीच्या मानेला गार लागत होता. इंदूरच्या सांवेर रोडवर दौलतरावांच्या कारखान्यात संघाची बैठक भरली होती. पत्र्यांच्या थप्प्या भिंतीला सरकवून सतरंजी अंथरली होती, पोह्यांवर शेव पडली होती, जिलबीच्या पाकाला माश्या लागल्या होत्या. मालवा सौर उद्योग संघाची ही पहिली जीत. संघ म्हणजे मूठभर कारखानदार, सगळे सूर्यावर शिजवायच्या पेट्या बनवणारे, आणि त्यांची अध्यक्ष भानुमती.

"वाचा ना, भानुमतीजी. सगळ्यांसमोर वाचा," दौलतराव म्हणाले. "भोपाळहून आलेला कागद आहे, हातातच गोल करून ठेवाल काय?"

तिनं वाचायला घेतलं. यापुढे आश्रमशाळा, वसतिगृहं आणि तुरुंग यांच्यासाठी सरकार तपासणी झालेल्या उत्पादकांकडूनच सौरपेट्या घेईल. टाळ्या पडल्या. बाहेरून येणारा तकलादू माल सरकारी खरेदीत चालणार नाही. पुन्हा टाळ्या. तिसऱ्या कलमाशी तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"तपासणी पेटीची नव्हे, तर पेटी जिथे तयार होते त्या जागेची होईल. जागेचा मालकी अथवा भाड्याचा कायदेशीर कागद असावा, छत पक्के असावे, कारखान्याचा वीजजोड असावा."

पहिलं वाक्य तिचंच होतं, भोपाळच्या दफ्तरात बोललेलं, फक्त सरकारी भाषेत. बाकीच्या अटी सरकारनं जोडलेल्या. पण त्या आल्या होत्या तिच्याच वाक्याचं बोट धरून.

भानुमतीची पेटी बनत होती परदेशीपुऱ्याच्या पलीकडे, बंद मिलच्या जुन्या रुईगोदामात. मिलला टाळं लागलं, जमीन कोर्टात गेली. गोदामाचा मालक कोण हे कोर्टालाही अजून ठाऊक नव्हतं, मग भाड्याचा कागद देणार कोण? वर गंजका पत्रा, खाली मिलच्या चाळीतल्या बायका. नवरे घरी बसलेले, म्हणून ह्या आलेल्या. कोणी काच बसवायची, कोणी आरसा चिकटवायची, कोणी आतल्या पत्र्याला काळा रंग द्यायची. गंगूबाई रंग देता देता गायची आणि बाकीच्या झेलायच्या:

पहिली माझी ओवी, गेल्या भोंग्याच्या सादाला,
सूत तुटलं हातात, गाठ कोण दे त्याला.
दुसरी माझी ओवी, देव सूर्यनारायणा,
तुझ्या निखाऱ्याला बाई, एक लाकूड लागेना.

भानुमतीचं माहेर-सासर दोन्ही होळकरी शिलेदारांचं, जुनी इंदूर भागातलं. घोडे केव्हाच गेले होते, नुसतं ताठ बसणं तेवढं उरलं होतं. नवरा संताजी मिलच्या विणखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम. मिल बंद पडली, बाजार खुला झाला, आणि ज्या वर्षी तिनं पेट्या विकायला सुरुवात केली त्याच वर्षी परप्रांतातून चकचकीत पेट्यांचे ट्रक उतरायला लागले. एका उन्हाळ्यात त्यांचे आरसे पापडासारखे सुटायचे. मग लोक म्हणायचे, "सोलरमध्ये काही दम नाही, भिया." बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही, राहिली ती फक्त सरकारी खरेदी.

म्हणून संघानं तपासणी मागितली. मागणीचा मसुदा करताना अडचण आली. बाहेरचे लोक तपासणीला एकच पेटी झकास बनवून पाठवायचे आणि विकायला भलत्याच. काय करावं? तेव्हा कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेला संताजी बोलला होता, "आमच्या मिलमध्ये प्रत्येक तागा कोणी बघत नव्हतं. खातं बघायचे. खातं नीट, तर कापड नीट."

मिलच्या माणसांचा हा देवच होता. जागा चांगली तर माल चांगला. बैठकीतल्या अर्ध्या माणसांच्या घरी मिलचा पगार आलेला, सगळ्यांनी माना हलवल्या. भोपाळच्या दफ्तरात भानुमती उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, पेटी तपासू नका. पेटी जिथं बनते ती जागा तपासा. एक पेटी कोणीही चांगली बनवून आणेल." साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. असं दफ्तरात सहसा होत नाही. परतताना बसमध्ये इंदूरजवळच्या महूचा संघदीप, संघातलाच एक उत्पादक, तिला म्हणाला होता, "ताई, तुम्ही तर मैदानच मारलं."

तोच संघदीप आता सतरंजीच्या काठावर पोह्यांची प्लेट तशीच धरून बसला होता. त्याचे वडील फौजेत हवालदार होते. महूच्या छावणीत त्यांना राहायला मिळालेल्या घराच्या मागच्या आवारात हा आणि त्याचे दोन चुलते पेट्या बनवायचे. जमीन छावणीची, कागद फौजेचा, ह्यांच्या हातात काही नाही.

"जय भीम, ताई," तो जवळ येऊन हळूच म्हणाला. "तिसरं कलम माझ्यासाठी पण आहे का?"

"माझ्यासाठी पण आहे, रे."

"मग हार कशाचा आहे?"

हार काढायला तिनं हात वर नेला, तर फोटोवाला म्हणाला, राहू द्या मॅडम, एक अजून.

इंदूर दफ्तरचे साहेब जिलबी संपवून बोटं पुसत तिच्याकडे आले. भला माणूस. आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची जागा मला माहीत आहे. टेन्शन घेऊ नका. अध्यक्षांचंच नाव मंजूर उत्पादकांच्या यादीत नाही, हे आम्हालाही शोभत नाही ना. विशेष बाब म्हणून टाकून देतो."

गोदाम वाचलं. मग तिनं सतरंजीच्या काठाकडे पाहिलं.

"महूच्या संघदीपचं पण टाका ना, साहेब. त्याचीही अडचण अगदी तीच आहे."

"एकाचं होतं, भानुमतीजी. दोघांचं केलं की मग तो नियमच कुठं उरला?"

घरी आल्यावर तिनं संताजीला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, अडकित्ता हातात तसाच.

"घे," तो म्हणाला. "तुझ्या बायकांचं बघ आधी."

"आणि संघदीपच्या घरचे?"

"त्याचं तो बघेल. जवान पोरगा आहे."

अडकित्ता खाली ठेवून तोच पुन्हा बोलला, कोणी विचारलेलं नसताना. "आधी सूतखातं बंद केलं होतं मिलवाल्यांनी. आम्ही विणखातेवाले गप्प बसलो. म्हटलं, आपले विणायचे साचे चालू आहेत ना."

"मग?"

"मग काय. सूतच नाही, तर विणणार काय होतो?"

तो उठून अंगणात गेला.

सकाळी तिनं इंदूरच्या दफ्तरात जाऊन साहेबांना सांगितलं की विशेष बाब नको, आधी माझीच जागा तपासा, जशी सगळ्यांची तपासणार तशी. साहेबांना वाटलं बाई रागावल्या. मग वाटलं, बाईंनी कागद मिळवला असेल. तपासणीवाले गोदामात आले तेव्हा बायकांनी झाडून-पुसून ठेवलं होतं, दाराला तोरण लावलं होतं. पाहुण्यांनी पेटीतली खिचडी खाल्ली. चांगली आहे म्हणाले, आणखी घेतली. मग कागद मागितला. कागद नव्हता. वर बघितलं, तर पत्रा. वीजजोड चाळीतल्या एका घरातून ओढलेला. त्यांना लिहिताना वाईट वाटत होतं, हे तिला दिसत होतं. तरी त्यांनी नापास लिहिलंच.

तिचा हिशोब सरळ होता. संघाच्या नियमात होतं की अध्यक्ष उत्पादक असावा. आता ती सरकारच्या लेखी उत्पादक नव्हती. म्हणजे खुर्ची गेली. म्हणजे सुटले. मग संघदीपला बरोबर घेऊन, बाहेर उभं राहून, मोठ्यानं सांगता आलं असतं की हे कलम चुकलं आहे.

पुढच्या बैठकीत तिनं राजीनामा पुढं केला. दौलतरावांनी तो वाचलाच नाही.

"नियमात काय आहे? उत्पादक असावा. तो शब्द काढा, यार," ते बाकीच्यांना म्हणाले. "कोणाची हरकत? कोणाचीच नाही. झालं." चहा यायच्या आत नियम बदलला होता.

"दौलतराव, एवढ्या सहज नियम बदलतो, तर तिसरं कलम का नाही बदलत?"

"तो आपला नियम होता. हा सरकारचा आहे." ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच अवघड होतं. "वहिनी, ऐकून घ्या. तुम्ही आज उठून गेलात तर भोपाळला काय जाईल? संघात फूट. त्यांना हेच पाहिजे. कागद मागं घेतील, पुन्हा ते ट्रक येतील. मग माझ्या कारखान्यातली माणसं घरी बसतील, संघातल्या अग्रवालची बसतील, सगळ्यांची बसतील. तुमच्या बायकांना मी घेतो ना. सगळ्यांना घेतो. माझ्याकडे पक्कं छत आहे."

"आणि मी?"

"तुम्ही आमच्या अध्यक्ष. भोपाळमध्ये तुमच्यासारखं कोण बोलतं?"

तिनं संघदीपकडे पाहिलं. वाटलं, हा तरी म्हणेल, ताई उठा.

"नका सोडू, ताई," संघदीप म्हणाला. "तुम्ही खुर्चीवर आहात तोवर मला एक दार तरी आहे. बाहेर उभं राहून मी एकटा पण ओरडू शकतो. कोणी ऐकत नाही."

तेव्हा तिला कळलं की हाकलणारं कोणी नव्हतंच. सगळे धरूनच ठेवत होते, आणि प्रत्येकाचा हात प्रेमाचा होता. राजीनाम्याचा कागद दौलतरावांच्या कपबशीखाली गेला, त्यावर चहाचा गोल उमटला.

बायका नव्या कामावर जायच्या त्या सकाळी मिलच्या फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. दौलतरावांनीच पाठवला होता, वर सावलीला ताडपत्रीही बांधली होती. एकेक जण चढत होती, डबे सांभाळत. गंगूबाई शेवटी उरली.

"जाऊ ना?" तिनं विचारलं.

"जा. पगार वेळेवर मिळेल. मी बोलून घेतलंय."

"ते नाही विचारत मी. जाऊ का नको, असं विचारून राहिलीये."

भानुमतीनं फळीवरून निसटणारा एक डबा आत सरकवला.

"मिल बंद झाली तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं," गंगूबाई म्हणाली. "नोटीस लागली, झालं. बरं होतं. शिव्या तरी देता येत होत्या. आता कोणाला देऊ? तू तर खिचडीसुद्धा आमच्याच हातची खाऊ घातलीस त्या तपासणीवाल्यांना."

"मला दे शिव्या."

"तुला कशी देऊ, बाई. तू तर तिकडची पण नाहीस आता, इकडची पण नाहीस." तिनं लुगड्याचा काचा आवळला आणि टेम्पोच्या फळीला हात घातला. वरून दोघींनी तिला ओढून घेतलं. "कारखान्यात येशील ना भेटायला?"

"बैठकीला येईन."

"बैठकीला," गंगूबाई म्हणाली, आणि शेजारणीला जरा सरकायला सांगितलं.

टेम्पो गेला. गोदामात काळ्या रंगाचे डबे उघडेच होते, त्यांच्यावर साय धरायला लागली होती. भानुमतीनं एकेकाला झाकण लावलं. संघदीप महूहून पहिल्या बसनं आला होता. दोघांना भोपाळला जायचं होतं, तिसरं कलम बदलून मागायला. त्यानं एका उलट्या पेटीवर कागद पसरला, पेनचं टोपण काढलं.

"माननीय महोदय, लिहिलं," तो म्हणाला. "पुढं? पेटी तपासा म्हणायचं ना आता?"

"तेच म्हणायचं."

"ते विचारतील, ताई. मागच्या वेळी तुम्हीच तर उलटं पटवलंत."

"विचारतील."

"मग काय सांगायचं?"

ती त्याच्या समोर खाली बसली. मागच्या वेळचं ते 'जागा तपासा' वाक्य अजूनही खरंच वाटत होतं तिला. त्याला खोटं पाडणारं दुसरं वाक्य सापडत नव्हतं.

"थांब जरा," ती म्हणाली. संघदीप पेन धरून थांबला.