पंधरा मिनिटं साबण

सुकेशनी पालमला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि सुट्टीला पेडगावात आईकडं यायची. त्या रविवारी सकाळी शेजारच्या अंगणात आरडाओरड झाली. लाळ गाळत आलेलं एक कुत्रं धुरपताबाईच्या शेळीला चावलं, सोडवायला गेलेल्या धुरपताबाईची त्यानं पोटरी फोडली आणि ओढ्याकडं पळालं.

सुकेशनी पोचली तेव्हा धुरपताबाईचा नवरा आश्रुबा तिखटाचा डबा घेऊन उभा होता.

"काका, थांबा. तिखट न्हाई भरायचं."

"आमी बापजाद्यापासून हेच करत आलोत. जहर जळून जातंय."

"जखम वाढंल नुसती. धुण्याचा साबण द्या."

तिनं धुरपताबाईचा पाय नळाखाली धरला आणि मोबाइलवर पंधरा मिनिटं लावली. लाल फेस मोरीतून वाहू लागला.

"बास की गं. लय झोंबायलंय."

"अजून दहा मिनिटं, मावशी."

"साबणानं कपडे निघतेत," आश्रुबा वैतागला. "रोग निघतोय व्हय?"

हात न थांबवता ती सांगू लागली. "काका, रेबीजच्या विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतंय. आपल्या पेशीलाही तसंच असतंय. रश्शावर तेलाचे दोन थेंब भिडले की एक व्हतेत ना? पेशी विषाणूला पिशवीत गुंडाळून आत घेती. पिशवीत आंबटपणा वाढला की त्याच्या अंगावरचे काटे वाकतेत, दोन्ही आवरणं एक व्हतेत अन् त्याच्या पोटातलं सगळं पेशीत सांडतंय. पण जे अजून बाहेर हायत, त्यांचं आवरण साबणानं विरघळतंय. मग जोडायला राहिलंच काय?"

आश्रुबानं तिखटाचा डबा खाली ठेवला. "अन् जे खोल गेले त्यांचं?"

"म्हणून तर आत्ताच परभणीला जायचंय. ते पेशीत शिरायच्या आत सुई पोचली पायजे."

दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेभोवती एक औषध टोचलं, दंडात लस दिली आणि पुढच्या तारखा कार्डावर लिहिल्या. चौथ्या दिवशी ते कुत्रं ओढ्याजवळ मेलेलं सापडलं. तारीख आली की सुकेशनी पालमहून फोन करायची. तिसऱ्या सुईनंतर मात्र धुरपताबाई शेवटच्या सुईला जायला कुरकुरली. जखम भरली होती, सोयाबीन काढणीला आलं होतं.

शेळीची जखम धुवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. साडेतीन आठवड्यांनी तिनं चारा सोडला, आवाज बसला, तोंडाला फेस आला. दोन दिवसांत ती मेली. तिच्या तोंडात हात घालून पाणी पाजलेल्या आश्रुबालाही सुया घ्याव्या लागल्या. त्याच्यासोबत धुरपताबाईनं शेवटची सुई घेतली, फोनची वाट न पाहता.

धुरपताबाईला पुढं काही झालं नाही. तिच्या पोटरीत किती विषाणू उतरले, किती साबणानं मेले, किती सुईनं, हे मोजायची सोय नव्हती. वर्गात विषाणूंचा धडा आला तेव्हा सुकेशनीनं फळ्यावर एकमेकांत मिसळणारी दोन वर्तुळं काढली आणि पोरांना ती दोनदा काढायला लावली.

दिवाळीच्या सुट्टीत आश्रुबा तिच्याकडं आला.

"मॅडम, गावातल्या कुत्र्याईला लस द्यायचा अर्ज लिवायचाय. सही मी करतो."

तिनं अर्ज लिहून दिला. महिन्यानं जनावरांचे डॉक्टर गावात आले. अकरा कुत्री धरून टोचली, दोन निसटली.